एचएमटी जनता: नागपूरचा एक उन्हाळा, एक पावसाळा आणि पट्ट्यांचा खर्च

जनता म्हणजे एचएमटी या सरकारी कंपनीचं जुनं मनगटी घड्याळ. चावीचं घड्याळ, १७ ज्वेल (मशीनची झीज कमी करणारे खडे), साधारण ३५ मिलिमीटरची डायल, प्लास्टिकची काच, तारीख नाही, सेल नाही. मूळ माहिती एवढीच. गेल्या दिवाळीच्या आसपास दोन हजारांच्या आत घेतलं. पांढरी डायल, वर देवनागरीत ‘जनता’. तेव्हापासून जवळपास रोज हातात आहे. अनुभव लिहायचं पुढे ढकलत होतो, पण मागच्या आठवड्यात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) एका दुरुस्तीवाल्याशी दोनशे रुपयांवरून वाजलं आणि म्हटलं, आता लिहूनच टाकू.

झालं असं की घड्याळ एकाएकी पुढे पळायला लागलं. एरवी ते दिवसाला अर्धा-पाऊण मिनिट मागे पडतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आता सकाळी मोबाईलवर पाहून लावलं की संध्याकाळी ऑफिसातून निघताना दहा मिनिटं पुढे. बर्डीवरच्या दुकानात नेलं. त्या भाऊनं मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, दोनदा ‘च्च’ केलं.

“मशीन गेलं भाऊ. बॅलन्स बदलवा लागते.”

“किती?”

“अठराशे पकडा. नाही तर दुसरं मशीनच टाकून देतो ना.”

अठराशेत मला दुसरं अख्खं घड्याळ येतं. म्हटलं राहू द्या, परत करा. तर म्हणे बघायचे दोनशे.

“नुसतं पाहाचे दोनशे?”

“भिंग लावून पाह्यलं ना जी!”

बरीच बाचाबाची झाली. शंभरावर मिटलं, पण ते शंभर मला अजून बोचतात. तिथून स्कूटर थेट महाल या जुन्या वस्तीत. तिथे एक म्हातारे काकाजी एका जिन्याखाली टेबल टाकून बसतात. त्यांनी झाकण उघडलंसुद्धा नाही. खणातून छोटं होकायंत्र काढलं, घड्याळ जवळ नेलं, सुई गर्रकन फिरली. “याले चुंबक लागलं ना बाबू,” म्हणाले. मग एक निळी डबी काढली, घड्याळ तिच्यावर धरलं, बटण दाबलं आणि हात हळूहळू वर नेला. झालं काम. वीस रुपये.

प्रकार साधा आहे. बॅलन्सच्या चाकावर केसाइतकी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग असते. तिला चुंबकत्व आलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि चाक भराभर झुलतं. या मशीनचे तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. त्यात थोडी जरी घाई आली तरी दिवसाच्या हिशेबात मिनिटं निघतात. माझ्या मोबाईलच्या कव्हरचं झाकण चुंबकाचं आहे आणि रात्री दोन्ही वस्तू एकाच ताटलीत असतात. तेव्हा तुमचं चावीचं घड्याळ अचानक पुढे धावायला लागलं तर आधी होकायंत्र दाखवा. ‘मशीन गेलं’ ऐकायची पाळी त्यानंतर.

बाकी मशीनबद्दल तक्रार शून्य. १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या साहाय्यानं एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला, आणि त्या काळचं हे साधं, दणकट काम आहे. सकाळी चहा होईपर्यंत चावी द्यायची, अडली की थांबायचं, दीड दिवस सहज चालतं. घड्याळ हातातून काढून चावी द्या. मनगटावर असताना दिली की ती तिरकी ओढली जाते आणि तिचा दांडा झिजतो. काचेला ओरखडे पडतात, पण पांढरी टूथपेस्ट मऊ फडक्यावर घेऊन चोळली की बारीकसारीक ओरखडे जातात.

घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. सरकारनं २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद केली. आता सुटे भाग येतात ते बहुतेक जुनी घड्याळं फोडूनच. त्यामुळे एकाचं मशीन, दुसऱ्याची केस आणि कुठेतरी नव्यानं छापलेली डायल असं जमवलेलं घड्याळ ‘ओरिजिनल’ म्हणून सर्रास विकतात. शौकीन लोक त्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भडक निळी किंवा नारिंगी डायल, अक्षरांच्या कडा फुटलेल्या, आणि पन्नास वर्षांच्या घड्याळावर कालच्यासारखी चकाकी दिसली की समजून जा. मला मळकट पांढरं मिळालं, सहाच्या आकड्याजवळ किंचित पिवळटलेलं. त्या पिवळेपणावरच माझा विश्वास बसला.

आता खरा मुद्दा. पट्टा.

सगळीकडे एकच सल्ला असतो: जुन्या घड्याळाला चामड्याचा पट्टा, तो बेल्टच्या रंगाचा, बेल्ट बुटाच्या रंगाचा. हा सल्ला देणाऱ्यांनी मे महिन्यात दुपारी दोन वाजता व्हेरायटी चौकात सिग्नलला उभं राहून दाखवावं. २३ मे २०१३ ला या शहरात ४७.९ अंश नोंदले गेलेत. २०२४ च्या मे अखेरीस तर एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले. नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण दोन दिवस आम्हा नागपूरकरांना ते खरंच वाटलं होतं, यातच काय ते आलं. अशा उन्हात चामडं टिकत नाही.

माझ्या घड्याळासोबत आलेला तपकिरी पट्टा थंडीभर चांगला दिसला. मार्चमध्ये त्याच्या आतल्या बाजूला, तिसऱ्या भोकाच्या आसपास, घामाच्या मिठाची पांढरी रेघ उमटली. एप्रिलमध्ये त्या रेघेवरच आतलं अस्तर सुटलं आणि चामडं पापडासारखं कडक झालं. मेमध्ये वास. वास असा की जेवताना डावा हात टेबलाखाली. पुसून, सावलीत वाळवून, पावडर मारून पाहिलं, वास काही गेला नाही.

मग स्टीलची चेन लावली. दहा मिनिटं स्कूटर चालवली की ती तापते, आणि वर हाताचे केस ओढते. शिवाय एवढ्याशा पातळ घड्याळाला जड चेन लावली की घड्याळ सारखं मनगटाच्या आत घसरतं. चेन आता ड्रॉवरमध्ये आहे, कुणाला हवी असेल तर घेऊन जा.

तिसरा नायलॉनचा एकसलग पट्टा, ज्याला सगळे ‘नाटो’ म्हणतात. मूळ ब्रिटिश संरक्षण खात्यानं १९७३ मध्ये ठरवून दिलेली वस्तू, करड्या रंगाची, २० मिलिमीटर रुंद. जनताला पट्टा बसतो ती जागा १८ ची, त्यामुळे २० चा पट्टा घुसडला तर कडा चुरगळतात. १८ चाच मागवा. याची एक गोष्ट मला मनापासून आवडली: तो घड्याळाच्या खालून जातो, त्यामुळे एका बाजूची पिन निसटली तरी घड्याळ रस्त्यावर पडत नाही. न आवडलेली गोष्ट म्हणजे त्याच खालून जाण्यामुळे घड्याळ मनगटापासून वर उचललं जातं, पातळपणाचं सुख जातं आणि झाकणाखाली घाम साचतो.

शेवटी सापडला पेरलॉन. विणलेला, जाळीसारखा, भोकं नाहीत, बक्कलची सुई विणीतून कुठेही जाते. हात सुजला की अर्धा घर सैल करायचा. उन्हाळ्यात दुपारपर्यंत मनगट फुगतं हे मला याच पट्ट्यामुळे कळलं. नवतपाचे (मे अखेरचे सर्वात तापलेले नऊ) दिवस यावर आरामात निघाले. रात्री साबणाच्या पाण्यात बुडवायचा, कूलरसमोर टांगायचा, सकाळी कोरडा. तेव्हा कुणी विचारलं असतं तर डोळे मिटून सांगितलं असतं की नागपुरात पेरलॉनच घ्या.

मग पावसाळा आला आणि मत फिरलं. कूलरसमोर तासाभरात वाळणारा पट्टा जुलैत रात्रभर ओलाच राहतो. तिसऱ्या दिवशी त्याला ओल्या पायपुसण्याचा वास येतो. आणि एकदा धरमपेठेतून घरी येताना सर गाठली तेव्हा काचेच्या आतून वाफ धरली. ‘जनता’मधलं ‘ज’ धुरकट, आणि सहाच्या खाली एक अगदी बारीक थेंब, काटा त्याच्यावरून जायचा तसा तो किंचित थरथरायचा. महालातल्या काकाजींनी झाकण उघडून ठेवलं, वाळवलं, मशीनला गंज लागायच्या आत. हे घड्याळ पाण्यासाठी नाहीच, त्याबद्दल त्याला दोष देत नाही. आता पावसाळ्यात स्कूटरवर असलो की घड्याळ पन्नीत, पन्नी डिक्कीत. ऑफिसात पोचलो की हातात.

म्हणजे सध्याची व्यवस्था अशी: उन्हाळ्यात पेरलॉन, पावसाळ्यात नायलॉन (ओला झाला तर निदान पिळता येतो), थंडीत चामडं. पट्ट्यांची बेरीज केली तर घड्याळाच्या किमतीच्या पुढे गेली आहे. बायकोला हा आकडा माहीत नाही.

कपड्यांचं थोडक्यात. ३५ मिलिमीटर घड्याळ हातात घातलं की पहिल्या आठवड्यात ऑफिसात कुणीतरी म्हणतंच, “काहून बे, वहिनीचं घड्याळ घालून आला का?” ज्यांच्या हातात वाटीएवढी स्मार्टवॉच असतात ते लोक हे. त्या काळी पुरुषांची घड्याळं याच मापाची असायची. फायदा असा की बंद बाहीच्या शर्टाचं कफ त्याच्यावरून सरळ खाली येतं, अडकत नाही. बाही दोनदा दुमडली तरी घड्याळ आणि कापड यांची मारामारी होत नाही. पॉलिस्टर मिसळलेल्या शर्टात मात्र कफखाली घाम जिरत नाही, आणि तो थेट पट्ट्यात उतरतो. म्हणून या उन्हाळ्यापासून मी खादी आणि साध्या सुतीवर आलो. अर्ध्या बाहीचे, बाहेर सोडायचे, खाली सरळ कापलेले शर्ट. ‘इन’ करायचे दिवस ठेवलेत फक्त मीटिंगला. गांधीबागेतून कापड घेऊन शिवून घेतले तर दोन तयार शर्टांच्या पैशात तीन होतात, आणि पूर्ण बाहीचा असेल तर शिंप्याला डाव्या बाहीचं कफ अर्धा बोट सैल ठेवायला सांगता येतं. तयार शर्टात ही सोय नाही.

ज्या शहरात जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली त्या शहरात मी ‘लिनन ब्लेंड’ लेबलचा शर्ट घेतला आणि आत बारीक अक्षरात ६० टक्के पॉलिस्टर निघालं. मिलच्या जागेवर आता मॉल आहे. शर्ट तिथलाच.

आणखी एक, गडद निळ्या जीन्स किंवा नव्या निळ्या खादीसोबत फिका पट्टा घालू नका. खिशात हात घालताना रंग लागतो. माझा मातकट पेरलॉन एका कडेनं निळा झालाय तो तसाच आहे, धुतला तरी. बेल्ट-बूट-पट्टा जुळवायचा नियम मी सोडून दिलाय. एप्रिल ते जून पायात सँडल असते, तिच्याशी काय जुळवायचं?

घड्याळाला दहापैकी आठ देतो. अर्धा गुण वाफेसाठी कापला, दीड अंधारात काही दिसत नाही म्हणून. लोडशेडिंगमध्ये वेळ बघायला मोबाईल पेटवावा लागतो, मग घड्याळ कशाला, हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. बर्डीच्या दुकानाला काही देत नाही, त्यांनी शंभर आधीच घेतलेत.

पुढचं एचएमटीचंच पायलट घ्यायचं मनात आहे, काळ्या डायलचं. तेही १८ च्याच पट्ट्याचं. त्यामुळे विकणाऱ्यानं पट्टा दिला नाही तरी चालेल, उलट त्याचे पन्नास कमी करून घेईन.