'सील तोडू नका' असं सांगून विकलेलं पिंप

आमच्या होडीवरच्या निळ्या पिंपाच्या झाकणाला लाल चिकटपट्टी होती. साडेतीन महिने तिला मी कुणाला हात लावू दिला नाही. पुतण्याने एकदा सहज नख लावलं तर त्याच्यावर खेकसलो होतो. त्या पिंपात आमच्या तिघांचा जीव वाचवायचं सामान आहे, अशी माझी पक्की समजूत होती. आत खरं काय होतं ते नोव्हेंबरातल्या एका रात्री भर दर्यात कळलं. ज्याने मला ते विकलं तो अजून सापडलेला नाही. तो तसलीच पिंपं घेऊन दुसऱ्या कुठल्या बंदरावर उभा असेल, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

जुलै संपत आला होता. मासेमारी बंदीचे शेवटचे आठ दिवस म्हणजे काय धावपळ असते ते होडीवाल्यांना सांगायला नको. तळाला रंग, इंजिनाची खोलाखोल, जाळ्यांची डागडुजी, खलाशांना उचल, आणि त्यात परवान्याचे कागद. तपासणीला माणूस आला की जीवरक्षक साधनं दाखवावी लागतात. माझी जुनी जॅकेटं उंदरांनी कुरतडलेली. अशा वेळी बंदरावर एक पांढरी गाडी येऊन थांबली. उतरलेल्या माणसाच्या अंगात निळा शर्ट, खिशावर नांगराचं चित्र, हातात प्लास्टिकमध्ये घातलेली प्रमाणपत्रं. बोलणं गोड आणि दर्याची माहिती असलेलं.

"मालक, फयान विसरलात काय?" हे त्याचं पहिलं वाक्य.

हर्णैपासून रत्नागिरीपर्यंत कुठल्याही बंदरावर हे नाव काढलं की माणूस थांबतो. ११ नोव्हेंबर २००९, फयान वादळाचा दिवस. त्या दिवशी दर्यावर गेलेल्यांपैकी किती जण परतलेच नाहीत. माझ्या ओळखीतल्या दोन घरांत त्यानंतर दर्यावर कुणी गेलं नाही. त्या माणसाने ते नाव मालाचा भाव सांगावा तसं वापरलं. तेव्हा मला ते खटकलं नाही, आज त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

त्याने जेटीवर प्रात्यक्षिक दाखवलं. एक जॅकेट पाण्यात टाकून त्यावर एका पोराला उतरवलं, पोरगं बुचासारखं तरंगलं. मग एक हातात धरायचा फ्लेअर, म्हणजे संकटात खूण म्हणून लावायची नळकांडी, पेटवला. लालभडक ज्योत, डोळ्यांना बघवत नाही असा उजेड, मिनिटभर टिकला. तो फ्लेअर खरा होता आणि ते जॅकेटही खरं होतं. नमुना खरा आणि माल खोटा, एवढी साधी त्याची युक्ती.

पिंपात चार जॅकेट, चार फ्लेअर, दिवसा धूर सोडणारे दोन डबे, विजेरी, औषधपेटी आणि 'इस्रोचं उपग्रह यंत्र'. सगळं मिळून ११,५०० रुपये. मी मुंबईत आधी विचारलं होतं, तिथे नुसती चार चांगली जॅकेटंच सात-आठ हजारांना पडत होती. हे स्वस्त कसं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "सरकारी योजनेतलं आहे, बंदरागणिक वीसच पिंपं आलीत." आणि शेवटी, पावती फाडताना म्हणाला, "सील मात्र तोडू नका. तपासणीत आधी सील बघतात. फुटलेलं दिसलं तर पिंप बाद." आमच्या बंदरावर अठरा जणांनी पिंपं घेतली. अठरांतल्या एकानेही झाकण उघडलं नाही.

तपासणी झाली. आलेल्या माणसाने पिंप पाहिलं, सील पाहिलं, कागदावर बरोबरची खूण केली. मला हायसं वाटलं. आता विचार करतो तेव्हा कळतं, की त्या दिवशी मी सामान दर्यासाठी घेतलंच नव्हतं, त्या खुणेसाठी घेतलं होतं. विकणाऱ्याने माझी ही नस बरोबर ओळखली होती.

नोव्हेंबरात आम्ही तिघं जाळं टाकायला गेलो. मी, पुतण्या आणि नाना. नानांचं वय साठीच्या पुढे, माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्या होडीवर आहेत. किनाऱ्यापासून साधारण आठ सागरी मैलांवर इंजिन बंद पडलं. इंधनात पाणी गेलं होतं. तासभर खटपट केली, चालू होईना. नांगर टाकला तर खाली निव्वळ चिखल, तो धरेना, घासतच चालला. थंडीच्या दिवसांत रात्री मतलई वारा सुटतो, जमिनीकडून दर्याकडे. म्हणजे आम्ही घरापासून लांबच जात होतो. मोबाइलला रेंज नाही. हर्णैच्या दीपगृहाचा उजेड हळूहळू बारीक होत गेला.

मी पिंपाचं सील तोडलं. आधी यंत्र काढलं, कारण माझा सगळा भरवसा त्याच्यावर. नारिंगी डबी, वर एक बटण. दाबल्यावर हिरवा दिवा लुकलुकायला लागला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, हिरवा दिवा म्हणजे निरोप उपग्रहाला पोचला, तटरक्षक दल निघालं. पुतण्याने हात जोडले. आणि आम्ही दोन तास स्वस्थ बसलो. त्या दोन तासांत पश्चिमेकडून एक ट्रॉलर गेला, मैलभर अंतरावरून. त्याचे दिवे आम्ही बघत राहिलो. नाना म्हणाले होते, "काहीतरी पेटवूया." मी म्हटलं, "थांबा, येताहेत आपल्यासाठी." फ्लेअर जपून ठेवायचे, जवळ आल्यावर लावायचे असा माझा हिशेब.

खोट्या वस्तूने नुसते पैसे गेले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो. त्या हिरव्या दिव्याने आमचे हात बांधले. यंत्र नसतंच तर मी तो ट्रॉलर सोडला नसता.

दोन तासांनी दुसऱ्या बोटीचे दिवे दिसले तेव्हा फ्लेअर काढले. पहिला पेटलाच नाही. दुसऱ्याने दोन-चार ठिणग्या टाकल्या, थोडा धूर सोडला आणि गप्प झाला. तिसरा पुतण्याने धरला होता. तो वरून पेटण्याऐवजी खालच्या बाजूने फुटला, पोराचा तळहात भाजला. चौथा लावायची माझी छाती झाली नाही. ती बोटही निघून गेली.

मग नानांनी कुणाला न विचारता घमेलं घेतलं. गोणपाट फाडून रॉकेलमध्ये भिजवलं, इंधनाच्या टाकीपासून लांब, नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला नेऊन पेटवलं. फायबरच्या होडीवर हे करणं किती धोक्याचं ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी बादलीत पाणी भरून शेजारी उभा. जाळ विझत आला की नाना नवा तुकडा टाकायचे. पहाटे तीनच्या सुमारास आंजर्ल्याच्या एका होडीने तो जाळ पाहिला आणि वाकडी वाट करून ती आमच्याकडे आली. पुढे एकदा समजलं, की जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत संकटाच्या खुणांची यादी आहे, आणि तिच्यात डांबराचं किंवा तेलाचं पिंप पेटवून केलेला जाळही आहे. नानांनी ती यादी कधी पाहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पिंप अंगणात ओतलं. यंत्राचे स्क्रू काढले तर आत दोन पेन्सिल सेल, एक दिवा, लुकलुकण्यासाठी बोटाच्या पेराएवढी सर्किटची पट्टी, आणि वजन वाटावं म्हणून चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. बस्स. खरं संकट-यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवतं. प्रत्येक यंत्राला स्वतःचा वेगळा पंधरा अक्षर-अंकी क्रमांक असतो आणि तो मालकाच्या व बोटीच्या नावावर नोंदवावा लागतो. आपल्याकडे हे संदेश इस्रोच्या बंगळूरच्या केंद्रात उतरतात आणि तिथून तटरक्षक दलाला कळवलं जातं. माझ्याकडून विकणाऱ्याने होडीचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. नोंदणी नसलेल्या यंत्राची हाक कुणाच्या नावाने जाणार, हा प्रश्न मला घेतानाच पडायला हवा होता. आणि सरकारी योजनेचं म्हणाल तर मासेमारी नौकांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी यंत्रं, बसवायची योजना खरोखर आहे, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला तिची सुरुवात झाली. पण ती यंत्रं मच्छीमाराला फुकट मिळतात. ती कुणी गाडीत घालून विकत फिरत नाही.

फ्लेअरवरची चिठ्ठी गरम पाण्यात भिजवून सोलली. वरच्या चिठ्ठीवर मुदत २०२८ होती. खालच्या मूळ चिठ्ठीवर मे २०१६. फ्लेअरची मुदत साधारण तीन वर्षांची असते, म्हणजे ते दहा-बारा वर्षांपूर्वीचे. माझा अंदाज असा, की भंगारात निघालेल्या जहाजांवरचा हा माल. मोडीत गेलेल्या जहाजावरून पंख्यापासून ताटांपर्यंत सगळं विकलं जातं, त्यात काही गैर नाही. पण मुदत संपलेल्या फ्लेअरला नवी चिठ्ठी लावणं म्हणजे पुतण्याच्या हाताला जे झालं ते.

जॅकेटांपैकी एक मी हौदात बुडवलं, वर दगड ठेवला आणि रात्रभर तसंच सोडलं. कोरडं असताना ते तराजूवर पाऊण किलोच्या आत होतं. सकाळी दोन्ही हातांनी उचलावं लागलं, चार किलोंच्या वर भरलं. शिवण उसवली तर आत गादीतला स्पंज आणि वेष्टनाच्या फोमचे तुकडे. चांगल्या जॅकेटातला फोम बंद पेशींचा असतो, पाणी पीत नाही. जहाजांसाठीचा नियम असा आहे, की चोवीस तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवल्यावरही जॅकेटची तरंगण्याची ताकद पाच टक्क्यांपेक्षा जास्त घटता कामा नये. आमच्या अंगावर त्या रात्री हेच जॅकेट होतं. होडी उलटली असती तर पाणी प्यायलेल्या त्या जॅकेटने आम्हाला वर धरलं नसतं, हा विचार अजून झोपू देत नाही.

पोलिसांत गेलो. तक्रार नोंदवली, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम लागलं. पैसे मोबाइलवरून दिले होते म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावरही कळवलं, पण मधे साडेतीन महिने गेलेले, खात्यात काही उरलं नव्हतं. पावतीवरचा जीएसटी क्रमांक पुतण्याने सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहिला. तो दुसऱ्याच राज्यातल्या एका कापड दुकानाचा निघाला. हे बघायला त्याला एक मिनिटही लागलं नाही. जुलैत मीही बघू शकलो असतो.

आता सामान घेताना मी काय बघतो ते सांगतो. जॅकेटवर कारखान्याचं नाव, तयार झाल्याचं वर्ष, किती वजनाच्या माणसासाठी आहे ते, आणि मान्यतेचा क्रमांक छापलेला हवा. नौवहन महासंचालनालय किंवा जहाजं तपासून प्रमाणित करणाऱ्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगच्या मान्यतेची प्रत दुकानदाराकडून मागून घ्यायची आणि तिच्यावरचं नाव व क्रमांक जॅकेटशी ताडायचा. प्रमाणपत्र एका मालाचं आणि विक्री दुसऱ्याच मालाची, हेच माझ्या बाबतीत झालं. फ्लेअरवरची मुदत कागदाच्या चिठ्ठीवर असेल तर कडेला नख लावून बघायचं, खाली दुसरी चिठ्ठी आहे का. मुदत संपलेला फ्लेअर 'असू दे, लागला तर लागला' म्हणून ठेवायचा नाही. आणि कुठलाही फ्लेअर चाचणी म्हणून पेटवायचा नाही, लांबून पाहणारा मदतीला धावेल. नमुन्यावर भुलायचं नाही. ज्या वस्तूचे पैसे देतोय तीच, विकणाऱ्यासमोर उघडून, पाण्यात बुडवून बघायची. सील तोडायला नाही म्हणणाऱ्याकडून काहीही घ्यायचं नाही.

पिंपात आता हातातला व्हीएचएफ संच, म्हणजे बोटीबोटींत बोलायचा वायरलेस आहे, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, संकटाच्या हाकेसाठीच्या १६ नंबरच्या चॅनेलवर लावलेला. त्याचा पल्ला फार नाही, काही मैलच, पण तो ट्रॉलर मैलभरच तर लांब होता. शिवाय दोन विजेऱ्या, शिट्ट्या, दिवसा उन्हाची तिरीप फेकायला आरसा, पाच लिटर पाणी, सुरी, आणि मुंबईहून खात्रीच्या ठिकाणाहून आणलेले सहा फ्लेअर. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक पुतण्याने झाकणाच्या आतून ऑइलपेंटने लिहिलाय. नवा नांगरदोर घेतला, जुन्याच्या दुप्पट. नानांचं घमेलंही आहे.

अठरांपैकी अकरा जणांनी माझं ऐकून आपापली पिंपं उघडली. अकरांतही तेच निघालं. दोघांनी होड्या विकल्या, त्यांचा पत्ता लागला नाही. उरलेले चौघं पुढच्या तपासणीपर्यंत सील तोडायला तयार नाहीत. त्यांतल्या एकाच्या होडीवर त्याचा सतरा वर्षांचा मुलगा जातो. परवा संध्याकाळी लिलाव आटपल्यावर मी माझं उसवलेलं जॅकेट घेऊन त्याच्या घरी गेलो आणि ते त्याच्या ओट्यावर ठेवून आलो.