'अंधांसाठी खास'

२८,००० रुपये. एकदम गेले असते तर दुसऱ्या दिवशीच डोक्यात प्रकाश पडला असता. तीन हप्त्यांत गेले, आणि प्रत्येक वेळी मी घेणाऱ्याला चहा पाजून वर आभारही मानले.

मी कराडला भूगोल शिकवायचो. काचबिंदूने आधी कडेची नजर नेली, मग मधली. २०२२च्या पावसाळ्यापर्यंत फळ्यावरचं अक्षर सोडाच, फळाही दिसेना. मुदतीआधी निवृत्ती घेतली. लॅपटॉप होता, पण त्याच्यावर बायकोने विणलेला रुमाल पडला होता. मुलगा बेंगळुरूला. पेपर बायको वाचून दाखवायची, बँकेचे निरोपही तीच. अशा दिवसांत कुणीतरी सांगितलं, ओळखीतला मुलगा आहे, अंधांना कॉम्प्युटर लावून देतो.

तो आला, पाया पडला आणि म्हणाला, "सर, साधं सॉफ्टवेअर तुमच्या उपयोगाचं नाही. अंधांसाठी खास संच येतो." संचात तीन गोष्टी होत्या: पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज, एक 'बोलका ब्राउझर' आणि एक 'सुरक्षित मेल'. १४,००० रुपये. फोनवरूनच पाठवले. पाया पडलेल्या माणसाकडे पावती काय मागायची!

पहिल्या दिवशी मशीन बोललं तेव्हा मला रडू आलं, हे लपवत नाही. इंग्रजीत बोलत होतं, पण बोलत होतं. अडचण एकच. साधारण पाऊण तासाने आवाज गप्प व्हायचा आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा लागायचा. सुरू होताना ते 'फॉर्टी मिनिट मोड' असं काहीतरी म्हणायचं. विचारलं तर हा हसला. "सर, शाळेचा तास नाही का तेवढाच? कानाला विश्रांती म्हणून ठेवलंय." तीस वर्षं घंटेवर जगलेल्या माणसाला हे इतकं पटलं, की सात महिने मी दर तासाला इमानेइतबारे मशीन बंद-चालू करत राहिलो.

खरा प्रकार नंतर कळला. त्याने 'जॉज' नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, परवाना न घेताच टाकला होता. जॉज हे जुनं आणि चांगलं सॉफ्टवेअर आहे, १९८९ पासून चालत आलेलं. पण ते विकतचं आहे. परवाना नसेल तर फक्त आजमावून बघण्यासाठी ४० मिनिटं चालतं, मग मशीन नव्याने सुरू करावं लागतं. म्हणजे दुकानातला चाखायला ठेवलेला पेढा मला विकला होता.

कंटाळून तक्रार केली तेव्हा दुसरा हप्ता निघाला. 'कायमचा परवाना' ९,००० आणि 'मराठी आवाज' ३,५००. या वेळी काम खरंच झालं. बंधन गेलं, मराठी आली. आवाज सर्दी झालेल्या पोस्टमनसारखा, पण मराठी! फक्त एक ताकीद होती: इन्सर्ट धरून एन कधी दाबायचं नाही, सेटिंग बिघडेल. दाबलं नाही. मुलांना 'हात लावू नका' सांगण्यात जन्म गेला, तेच स्वतः पाळलं.

तिसरा हप्ता बँकेपायी. 'बोलक्या ब्राउझर'मध्ये बँकेची साइट उघडेना, ब्राउझर जुना आहे असं सांगायची. 'बँकिंग पॅच'चे १,५०० झाले. त्यानंतर डेस्कटॉपवर एक नवं चिन्ह आलं आणि त्यातून बँक चालू लागली.

२०२५च्या जानेवारीत मेल थांबला. पत्रं जाईनात, येईनात. त्याने फोनवर सांगितलं, परवान्याची मुदत संपली, वर्षाला ६,००० भरावे लागतील. मी 'हो' म्हणून बसलो होतो. नशिबाने त्याच संध्याकाळी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याची मुलगी जन्मांध, मुंबईत एमए करते. बोलता बोलता मी 'मुदत' म्हणालो तर त्याने फोन तिच्या हातात दिला.

"सर, इन्सर्ट धरून एन दाबा."

"अगं, ते दाबायचं नाहीये."

"दाबा तुम्ही. वाईट झालं तर मी आहे."

दाबलं. मेनू उघडला आणि आवाज म्हणाला, एनव्हीडीए. तिने मदतीच्या मेनूतल्या 'एनव्हीडीएविषयी'वर नेलं. तिथे वेबसाइटचा पत्ता होता, आणि हे सॉफ्टवेअर कुणीही वापरावं, वाटावं, बदलावं अशा अर्थाचा खुला परवाना. एनव्हीडीए हाही स्क्रीन रीडरच, पण फुकट; 'कायमचा परवाना' म्हणून जॉजच्या जागी हाच टाकला होता. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं, पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला, आणि परवडत नाही म्हणून कुणाचं अडू नये हाच त्यामागचा हेतू. मराठी आवाज त्याच्या पोटातच असतो. मी १२,५०० मोजले होते.

मग ती म्हणाली, "आता इन्सर्ट धरून क्यू, मग एंटर. आणि मग तुमचा बोलका ब्राउझर उघडा."

खोलीत काहीच नाही. बोटं चालतायत, पंखा फिरतोय, 'बोलका' ब्राउझर मुका. डोळस माणसाच्या पडद्यावर एकदम काळोख व्हावा तसं झालं. मी दोनदा एंटर दाबलं. तिकडून ती शांतपणे म्हणाली, "कंट्रोल, ऑल्ट, एन." आवाज परत आला. दोन वर्षांत कळलं नव्हतं ते त्या अर्ध्या मिनिटात कळलं. बोलणारा स्क्रीन रीडर असतो. ब्राउझर फक्त पानाची रचना त्याच्या हाती देतो: हे शीर्षक, ही लिंक, हे बटण, ही लिहायची चौकट. आवाजाचा धनी एकच, आणि मी त्याचेच पैसे वेगवेगळ्या नावांनी दिले होते.

पुढच्या रविवारी मुलगा आला आणि त्याने उरलेलं उकललं. बोलका ब्राउझर म्हणजे फायरफॉक्सची जुनी आवृत्ती, अपडेट बंद करून ठेवलेली. बँकिंग पॅच म्हणजे विंडोजबरोबर फुकट येणारा एज. सुरक्षित मेल म्हणजे विंडोजमधलंच मेल ॲप, जे मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ला सगळ्यांसाठीच बंद केलं. माझी मुदत संपली नव्हती, त्या ॲपची संपली होती.

याच्याहून वाईट पुढे होतं. विद्यार्थ्याच्या त्या मुलीने बजावलं होतं म्हणून माझ्या मुलाने जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग बघितलं, म्हणजे आलेलं पत्र आपोआप दुसरीकडे पाठवायची सोय. तिथे एक परका पत्ता. खातं त्या संचवाल्यानेच उघडून दिलं होतं, पासवर्ड त्यानेच ठरवला होता. दोन वर्षं मला आलेलं प्रत्येक पत्र आणि बँकेची विवरणपत्रं त्याच्याकडेही जात होती. विवरणपत्राचा पासवर्ड माझं नाव आणि जन्मतारीख जोडून होतो, आणि ते दोन्ही त्याला पाठ. खात्यातून पैसे गेले नाहीत. पण सुनेने मला लिहिलेली, घरातल्याच एका दुखण्याबद्दलची पत्रं त्याने वाचली असतील का, हा विचार अजून जात नाही.

सायबर गुन्ह्यांच्या १९३० क्रमांकावर आणि पोर्टलवर तक्रार नोंदवली, तीही फॉरवर्डिंगची. सॉफ्टवेअरच्या पैशांबद्दल एका कचेरीत ऐकून घेतलं ते असं: "चालत तर होतं ना, काका?" गंमत म्हणजे त्यात तथ्यही आहे. एनव्हीडीएच्या परवान्यात प्रती विकायलाही मनाई नाही. त्याने बसून महिनाभर शिकवलं असतं आणि शिकवणीचे म्हणून १०,००० घेतले असते, तर मी आनंदाने दिले असते. त्याने शिकवलं फक्त काय दाबायचं नाही ते. खोटी मुदत, खोटी नावं आणि चोरून वाचलेली पत्रं, फसवणूक ही आहे. पैसे परत आलेले नाहीत.

आता जो कुणी 'अंधांसाठी खास ब्राउझर' म्हणेल त्याच्यापासून मी चार हात लांब राहतो. ही कल्पना अगदीच हवेतली नव्हती. १९९७ मध्ये आयबीएमच्या चिएको आसाकावा यांनी, त्या स्वतः अंध, होम पेज रीडर नावाचा खरोखर बोलणारा ब्राउझर केला होता. पण तो काळ गेला. आज क्रोम, एज, फायरफॉक्स, जे सगळे वापरतात तेच आपण वापरायचं, फक्त ते ताजं ठेवायचं. कुणी काही लावून दिलं तर त्याच्या देखत एखाद्या बातमीच्या साइटवर जाऊन एच दाबत राहा. शीर्षकामागून शीर्षक ऐकू यायला हवं. के दाबलं की लिंका, ई दाबलं की लिहायच्या चौकटी. एवढं झालं की ब्राउझर पास. मी क्रोम ठेवलाय, कारण मुलाकडे तोच आहे आणि फोनवर सांगायला त्याला सोपं जातं. ती पोरगी फायरफॉक्सवाली. यावरून आमची गोड भांडणं होतात.

मेलचं जरा अवघड आहे. ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये त्याचे कीबोर्ड शॉर्टकट चालू असले की एकाच अक्षराचे दोन धनी होतात. के दाबलं तर स्क्रीन रीडर लिंक शोधायला निघतो, आणि इन्सर्ट-स्पेसने त्याला बाजूला केलं तर तेच के जीमेल आपल्या कामाला लावतं. शिकता येतं, पण माझी चिडचिड होते. म्हणून मी थंडरबर्ड हा मेलचा वेगळा प्रोग्राम घेतला. तोही फुकट. पत्रांच्या यादीत खाली-वर बाण, उघडायला एंटर, उत्तराला कंट्रोल-आर. बस्स. पासवर्ड नवा केला, तोही बायकोला खोलीबाहेर बसवून. ती दोन दिवस रागावली.

आणि हो, जुने सहकारी अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली परिपत्रकं पाठवतात. ती उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा ऐकू येतो. या गृहस्थाने त्यावरही 'मराठी प्लस आवाज' सुचवला होता, किंमत सांगायच्या आत आमचं फाटलं. त्या फाइलीत आतून मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा घातलेला असतो, तो डोळ्यांना दिसतो, कानांना नाही. आवाज कुठलाही घ्या, समोरच्याने युनिकोडमध्ये, म्हणजे आतूनही मराठीच असलेल्या अक्षरांत, टाइप करून पाठवल्याशिवाय गाडी पुढे जात नाही.

गेल्या मंगळवारी त्याचा मेल आला. 'आदरणीय सर, वार्षिक नूतनीकरणावर सणानिमित्त खास सूट.' सर्दी झालेल्या पोस्टमनने तो मला शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवला. थंडरबर्डमध्ये पत्र टाकाऊ ठरवायला यादीत त्याच्यावर उभं राहून इंग्रजी 'जे' हे अक्षर दाबायचं असतं. दाबलं.