राक्षसाचं मुंडकं कशाचं करायचं: लगदा, फोम की फायबर?

अहिराणीत एखादी अद्भुतकथा पडद्यावर आणायची ठरली की आधी कॅमेऱ्याचा हिशेब होतो, मग कपड्यांचा. राक्षसाचं मुंडकं, राजाचं चिलखत, ढाल-तलवार आणि उडवायचा बुरूज यांची आठवण शूटिंग तोंडावर आल्यावर होते. तोवर साहित्य निवडायला वेळच उरत नाही. खान्देशात तर हे सगळ्यात आधी ठरायला हवं, कारण आपल्याकडे साहित्याची खरी परीक्षा कॅमेऱ्याइतकीच उन्हात होते. पंचेचाळीस अंशांत काय टिकतं आणि काय वितळतं, हे मुंबई-पुण्याचे व्हिडिओ सांगत नाहीत.

मुंडकं

इथे सामना कागदाचा लगदा आणि फायबरचा (काचेचा धागा आणि रेझिनचा). माझा कौल लगद्याला, आणि तो फक्त स्वस्त आहे म्हणून नाही.

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर रद्दीच्या पट्ट्या आणि वर लगद्याचे पातळ थर. खळ मैद्याची चालते, चिंचोक्याची जास्त घट्ट धरते. खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद घातलं की बुरशी आणि कीड लागत नाही. मात्र ते विषारी आहे, म्हणून चेहऱ्याला लागणाऱ्या आतल्या थरात नुसती खळ ठेवा आणि वरून सुती अस्तर लावा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास पातळ थर दिवसभरात वाळतो, पण मुंडकं थेट उन्हात ठेवू नका. एक बाजू आधी आकसते आणि जबडा तिरका होतो. सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवून मधूनमधून फिरवत राहा. कानबाईच्या दिवसांत, म्हणजे श्रावणात, हेच काम करायला बसलात तर थर आतून ओलाच राहतो आणि वास मारायला लागतो. पावसाळ्यात लगद्याच्या वाटेला जाऊ नका.

फायबरसाठी आधी शाडूत मुंडकं घडवायचं, त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा, साच्याला मेणाचं पॉलिश द्यायचं, मग जेलकोट (रेझिनचा वरचा गुळगुळीत थर), काचेच्या धाग्याची मॅट आणि रेझिन. फिनिशिंग देखणं येतं, सुरकुती न् सुरकुती उमटते. मे महिन्यात मात्र दुपारी रेझिन कालवलं तर ते मगातच थिजतं, कारण उष्णतेने ते लवकर धरतं. हार्डनर साधारण 1 ते 2 टक्के लागतो. उन्हाळ्यात तो खालच्या टोकाला ठेवा, थोडं थोडं कालवा आणि काम पहाटे उरका. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर धरावं म्हणून घालतात ते द्रव) एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं, हार्डनर त्यानंतर. डोळ्यांवर चष्मा हवाच, हार्डनरचा एक थेंब डोळा घालवू शकतो. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, वाफा अडवणारा फिल्टरचा मास्क लागतो.

एवढी यातायात एका मुंडक्यासाठी कशाला? साच्याचं मोल एकाच घाटाचे दहा-बारा नग काढायचे असतील तेव्हाच वसूल होतं. सैन्याची शिरस्त्राणं फायबरची करा. राक्षस एकच असेल तर लगदाच बरा, आणि शूटिंगमध्ये शिंग मोडलं तरी तिथल्या तिथे रद्दी आणि खळीने जोडता येतं.

वजनाची गोष्ट निराळी सांगायला हवी. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला बुध्यांच्या (होळीत सजून नाचणाऱ्यांच्या) डोक्यावरचे उंच टोप नीट पाहून या. कामट्या, कागद आणि पिसं, बास. ते घालून माणसं रात्रभर नाचतात. लांबून भव्य दिसावं आणि मानेला भार होऊ नये, याचा तोडगा सातपुड्यात कधीचा सापडलेला आहे. जटांसाठी केळीच्या खोडाचा धागा वापरा, जळगाव भागात त्याला तोटा नाही. रंग देऊन विंचरला की कॅमेऱ्यात खरखरीत, रानटी केस दिसतात. फक्त मशालीचा प्रसंग असेल तर त्याला आगीपासून दूर ठेवा.

चिलखत आणि शस्त्रं

इथे ईव्हीए फोमच. चपलांच्या तळव्याला लागणारा हाच माल शीटमध्ये मिळतो. कटरचं पातं सतत नवं हवं, बोथट पात्याने कड कुरतडल्यासारखी येते. हॉट एअर गनने तापवून गुडघ्यावर दाबलं की छातीचा बाक येतो आणि थंड झाल्यावर तसाच राहतो. तापवल्याने पृष्ठभागावरची छिद्रंही मिटतात. मग पातळ केलेल्या पांढऱ्या फेव्हिकॉलचे तीन-चार हात, त्यावर काळा ॲक्रिलिक. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने चांदी रंग फक्त कडांवरून आणि उंचवट्यांवरून फिरवायचा. खाचांत काळं राहतं आणि फोमला लोखंडाचं वय येतं. ऑइल पेंट नको, फोम वाकला की त्याला तडे जातात.

सांधे ग्लू गनने जोडायचा मोह होतो. तसं चिलखत दुपारभर बंद गाडीच्या डिकीत ठेवलंत तर सांधे सुटू लागतात. कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह दोन्ही बाजूंना लावून, जरा सुकू देऊन मगच दाबा, आणि हे काम मोकळ्या हवेत करा.

थ्रीडी प्रिंटचंही असंच. प्रिंटरला लागणारं नेहमीचं प्लास्टिक, पीएलए, साधारण 60 अंशांना मऊ पडतं आणि मे महिन्यात बंद गाडीत तेवढा ताप होऊ शकतो. बकल, मुद्रा, मुठीवरची नक्षी असे बारीक जिन्नस जरूर प्रिंट करा. अख्खं शिरस्त्राण नको.

साखळीचं चिलखत हवं असेल तर पीव्हीसी पाइप घ्या. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने सैनिकांची असली चिलखतं प्लास्टिक पाइपच्या चकत्या कापून, कडीत कडी ओवून केली होती. जळगाव तर पाइपांचंच गाव. वायरिंगचा बारीक पाइप, कापायला साधी आरी आणि प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या. काम कंटाळवाणं आहे, पण घरात पोरं असतील तर सुट्टीत होऊन जातं.

बुरूज

खऱ्या किल्ल्यावर शूटिंग करायचं तर वास्तू संरक्षित असेल तिथे परवानगी लागते, आणि उडवायचा बुरूज तर प्रतिकृतीतच हवा. थर्माकोलकडे हात जातो, पण 2018 च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचा थर्माकोलही आला. शिवाय स्प्रे रंगाने आणि कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हने तो विरघळतो. पुठ्ठा, सनबोर्ड (हलकी फोमची पाटी) आणि वर लगद्याचा गिलावा पुरेसा आहे.

इथे पुठ्ठा की सनबोर्ड यापेक्षा प्रमाण कितीचं, हा प्रश्न मोठा. पारोळ्याच्या भुईकोटासारखा बुरूज मनात धरा, समजा उंची आठ मीटर. 1:16 प्रमाणात तो अर्धा मीटर होतो. छोटी वस्तू पडायला कमी वेळ घेते, म्हणून साध्या वेगाने चित्रित केलं तर खेळणं कोसळल्यासारखं दिसतं. म्हणून जास्त फ्रेम घेऊन पडणं संथ करायचं, आणि त्या किती पट हव्यात त्यासाठी प्रमाणाचं वर्गमूळ काढा. 16 चं वर्गमूळ 4, म्हणून सेकंदाला 24 ऐवजी 96 फ्रेम हव्यात. 120 फ्रेमची सोय आता बऱ्याच मोबाइलांत असते, तेव्हा 1:25 पर्यंत निभावतं. त्याहून लहान बुरूज करू नका. पाणी आणि आग शक्यतो टाळा, कारण थेंब आणि ज्वाळा प्रमाणात लहान होत नाहीत. धूळ मात्र साधते. दगडांच्या फटीत मुलतानी माती भरून ठेवा, दोरी ओढली की उडणारा लोट खऱ्या पडझडीचा वाटतो. कॅमेरा बुरुजाच्या पायथ्याशी, जमिनीला टेकवून ठेवा.