तळ्यातल्या लिलीसाठी जाळीची कुंडी, घ्यावी का?
मागच्या अंगणातल्या छोट्या तळ्यासाठी ही प्लास्टिकची जाळीदार कुंडी घेतली, जाळी एकदम बारीक आहे त्यामुळे माती गळत नाही हे सगळ्यात आवडलं, मोठ्या भोकांच्या कुंडीला आतून गोणपाट लावत बसावं लागतं ती कटकट नाही. सोबत खताच्या गोळ्या येतात, त्या मातीत खोल खुपसायच्या, वर राहिल्या तर खत पाण्यात उतरतं आणि शेवाळाची चंगळ होते. पॉटिंग मिक्स भरू नका हं, तरंगून वर येतं, जड चिकणमातीच पाहिजे, वरून खडीचा थर, कोंब तेवढा उघडा. माहितीपत्रकात यातलं एक अक्षर नाही, उलट कारंज्याच्या अगदी खाली ठेवलेल्या लिलीचा फोटो छापलाय! अहो, पानांवर सतत पाणी उडालेलं तिला चालत नाही, आणि ५-६ तास ऊन तर लागतंच. हँडल तकलादू आहे, भरलेली कुंडी उचलताना वाकतं. बाकी पानं पसरल्यापासून बेडूक त्यावर ठाण मांडून असतात, टाचण्या (चतुरासारखे बारीक उडणारे कीटक) देठांत अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं पाण्यातल्या डासांच्या अळ्या खातात, हे बघण्यात संध्याकाळ कशी जाते कळत नाही. ५ पैकी ४ स्टार, एक हँडलचा कापला.