जुन्या लॅपटॉपवर शास्त्रीय संगीताचा संग्रह : वापरानंतरचा अनुभव

घरातल्या कॅसेट आणि सीडी जुन्या लॅपटॉपवर आणून वर्ष होत आलं. संग्रह जवळजवळ सगळा हिंदुस्तानी शास्त्रीय. या कामासाठी लॅपटॉप मला फोनपेक्षा आणि कुठल्याही अ‍ॅपपेक्षा जास्त आवडला आहे आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे रागावरून शोध.

अ‍ॅपवाल्यांची मांडणी गायक आणि अल्बम यांच्याभोवती असते. फूबार २००० या मोफत प्लेअरमध्ये आपल्याला हवे ते टॅग, म्हणजे फाइलला जोडलेल्या माहितीचे रकाने, तयार करता येतात. मी राग, ताल आणि प्रहर असे तीन केले. राग देवनागरीतच लिहिला, कारण रोमन स्पेलिंग दर सीडीवर वेगळं. आता ‘शुद्ध कल्याण’ टाकलं की भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर सगळे एका यादीत येतात. एकाच रागाकडे बघण्याच्या दोन तऱ्हा लागोपाठ ऐकायला मिळणं हे सुख मोठं आहे. टॅग भरायला मात्र वेळ जातो. रोज थोडं थोडं करावं.

सीडी फ्लॅक या फाइल-प्रकारातच उतरवाव्यात, असं माझं ठाम मत आहे. सीडीवरच्या आवाजाला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. फ्लॅकमध्ये काहीही न गमावता जागा बरीच कमी होते. एक सीडी साधारण ३०० ते ४०० एमबी, म्हणजे ५०० जीबीच्या एसएसडी डिस्कवर हजाराच्या वर सीडी मावतात. शिवाय बऱ्याच सीडींवर एकाच रागातलं विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) गायन वेगळ्या ट्रॅकवर असतं. एमपीथ्री करताना फाइलच्या टोकांना किंचित शांतता भरली जाते आणि प्लेअरने ती नीट वगळली नाही तर तानपुरा मध्येच तुटतो. फ्लॅकमध्ये ती अडचण नाही. आवाजाची पातळी समान करणारा रिप्लेगेन वापरत असाल तर तो ‘अल्बम’वर ठेवा. ‘ट्रॅक’वर ठेवला तर विलंबित आणि द्रुत वेगवेगळे मोजले जातात आणि गायकाने हळूहळू चढवत नेलेला आवाज सपाट होतो.

कॅसेटचं काम चिवट. सी-९० ची एक बाजू म्हणजे ४५ मिनिटं, आणि ती तेवढा वेळ वाजवावीच लागते. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपना हेडफोन-माइकचं एकच भोक असतं आणि त्यातून आत येणारा आवाज मोनो असतो, म्हणजे डावा-उजवा वेगळा राहत नाही. म्हणून लाइन-इन (बाहेरच्या प्लेअरचा आवाज आत घेणारं भोक) असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे यूएसबीला जोडायची आवाजाची छोटी पेटी, घ्यावा लागला. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये केलं. त्यातलं खरखर काढणारं साधन फार चालवू नका, खरखरीबरोबर तानपुऱ्याचे बारीक स्वरही जातात. थोडी खरखर परवडली.

लॅपटॉप अ‍ॅम्प्लिफायरला जोडून चार्जिंगला लावला की स्पीकरमधून गुणगुण यायची. चार्जर काढला की बंद. आता ऐकताना बॅटरीवरच चालवतो.

आई लॅपटॉपला हात लावत नसे. प्रहराच्या टॅगवरून ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ अशा आपोआप भरणाऱ्या याद्या केल्या, तेव्हापासून ती स्वतः लावते. बॅकअप दोन बाहेरच्या डिस्कवर आहे, त्यातली एक बहिणीच्या घरी असते.

आणि कॅसेट टाकून देणार असाल तर आधी आतल्या कागदाचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. तबला-पेटीच्या साथीदारांची नावं बऱ्याचदा फक्त तिथेच छापलेली असतात.