रेगन्सबर्गच्या जुन्या गावातली दोन तासांची गाइडेड वॉक, आईला घेऊन केली, मनापासून रेकमेंड करते

माझा धाकटा भाऊ चार वर्षांपासून जर्मनीत रेगन्सबर्गला आहे, आधी चिंचवडला होता, आता तिकडे गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो. यंदा मे महिन्यात आईला घेऊन त्याच्याकडे गेले. खरं तर हे गाव मी आधी एकदा "केलेलं" होतं, एका ग्रुप टूरबरोबर, तेव्हा बस डॅन्यूब नदीच्या काठी थांबली, पाऊण तास मिळाला, पुलावर फोटो, दोन मॅग्नेट, आणि परत बसमध्ये. घरी आल्यावर फोटो दाखवताना हा पूल कोणता, मागचे मनोरे कसले, काहीच सांगता आलं नाही आणि फार वाईट वाटलं, एवढे पैसे घालून आपण नक्की काय बघून आलो असं झालं. म्हणून या वेळी भावाला आधीच सांगितलं, की जुन्या गावातून चालत फिरवणारी गाइड बुक कर, दोन तासांची, इंग्लिशमधली.

आणि हे या ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं काम झालं.

गाइड म्हणजे सत्तरीच्या एक बाई, रिटायर्ड शिक्षिका, गळ्यात बॅज, हातात छत्री, आणि त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की मी तुम्हाला बिल्डिंगा दाखवणार नाही, भिंती वाचायला शिकवणार आहे. तेव्हा मला नीट कळलं नाही. पहिला स्टॉप जुन्या टाऊन हॉलचं दार. दाराशेजारी भिंतीत तीन लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या आहेत, वेगवेगळ्या लांबीच्या, आणि त्यावर जुन्या जर्मनमध्ये लिहिलंय, शहराचा बूट, शहराचा हात, शहराची वाव (दोन्ही हात पसरले की होते ती लांबी). म्हणजे बाजारात कापड घेतलं, दोर घेतला, आणि व्यापाऱ्याने मापात मारलं असं वाटलं तर इथे येऊन मापून बघायचं, सरकारी माप उघड्यावर, कोणालाही हात लावता येईल असं. आई एकदम खूश, म्हणाली, "अगं आमच्या लहानपणी कापड हातानेच मोजायचे की!" आणि तिने आपला कोपरापासूनचा हात त्या पट्टीला लावून बघितला. पट्टी बरीच मोठी निघाली. गाइड बाईंनी सांगितलं की प्रत्येक गावाचा हात वेगळा असायचा, म्हणूनच दारात ठोकायला लागायचा. त्या एका पट्टीवर आम्ही दहा मिनिटं होतो आणि मला कळलं की मागच्या वेळी मी याच दारासमोरून आइस्क्रीम खात गेले होते.

टाऊन हॉलच्या आत जायचं तर तिथल्या वेगळ्या गाइडेड टूरनेच जाता येतं, आमच्या वॉकमध्ये ते नव्हतं, आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. तुम्हीही नक्की जा. लाकडी छताचा मोठा हॉल आहे, तिथे १६६३ पासून १८०६ पर्यंत अख्ख्या जर्मन साम्राज्याची सभा बसायची. मुळात तुर्कांच्या धोक्यामुळे मदत गोळा करायला बोलावलेली सभा, ती कधी संपलीच नाही, म्हणून तिला कायमची सभा म्हणतात. जर्मनमध्ये एखादं काम रेंगाळत ठेवलं की ते "लांब बाकावर सरकवलं" म्हणतात आणि तो बाक इथलाच असं गाइड लोक सांगतात. खाली तळघरात छळाची खोली आहे, मूळ जागी, मूळ सामानासकट, आईला मी तिथे नेलं नाही आणि लहान मुलं असतील तर तुम्हीही नेऊ नका.

तिथून वाह्लेनस्ट्रास नावाची गल्ली. अरुंद, दोन्ही बाजूंनी उंच घरं, वर बघितलं तर आकाशाची एक पट्टी, आणि मध्येच एक मनोरा उभा, गोल्डन टॉवर, साधारण ५० मीटर उंच. मला वाटलं होतं किल्ल्याचा बुरूज असेल. तर नाही, हे व्यापाऱ्यांचे मनोरे. बाराव्या तेराव्या शतकात हे गाव व्यापारावर प्रचंड श्रीमंत झालं, इटलीशी येणंजाणं, तिकडच्या श्रीमंतांची घरांवर मनोरे बांधायची फॅशन यांनी उचलली, शेजाऱ्याचा उंच झाला की आपला त्याहून उंच. संरक्षणासाठी वगैरे काही नाही, नुसती शान. पुढे व्यापार न्यूरेंबर्ग आणि आउग्सबर्गकडे सरकला आणि इथले पैसे आटले, मग जुनं पाडून नवं बांधायला कोणाकडे काही उरलंच नाही, म्हणून ते जुनं आज आपल्याला बघायला मिळतंय. मला हे ऐकून आपले पेठांमधले वाडे आठवले, पण त्यांची गोष्ट उलटी झाली, आपल्याकडे पैसा आला आणि वाडे गेले. आई सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढलेली, तिथे आता पाच मजली सोसायटी आहे. ती त्या गल्लीत बराच वेळ गप्प होती.

दुसऱ्या महायुद्धात गावाबाहेरच्या विमान कारखान्यावर बॉम्ब पडले पण जुनं गाव बरंचसं वाचलं. २००६ पासून वर्ल्ड हेरिटेज आहे. पण शोकेससारखं वाटत नाही हो, हे मला सगळ्यात आवडलं, या घरांत लोक राहतात, खाली बेकरी, वर खिडकीत कुंड्या, सायकली लावलेल्या, युनिव्हर्सिटीची पोरं पायऱ्यांवर बसून गप्पा मारतायत.

कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला एका गल्लीत रोमन दरवाजा आहे, पोर्टा प्रेटोरिया. इसवी सन १७९ मध्ये रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात इथे रोमन सैन्याचा तळ पूर्ण झाला, त्याचा हा उत्तरेकडचा, नदीकडचा दरवाजा. मधल्या काळात कोणीतरी त्याच्यावरच घर बांधलं, त्यावर आणखी काही, आणि दरवाजा भिंतीत गडप झाला, एकोणिसाव्या शतकात परत सापडला. आता पांढऱ्या प्लास्टरच्या भिंतीतून काळे अवाढव्य दगड बाहेर डोकावतायत असं दिसतं, वर नेहमीच्या घराच्या खिडक्या. आल्प्सच्या उत्तरेला असा रोमन दरवाजा जर्मनीतल्याच ट्रिअरला आहे आणि मग हा. इथे मला भिंत वाचणं म्हणजे काय ते नीट समजलं, खालचा दगड एका काळातला, वरची वीट दुसऱ्या, प्लास्टर तिसऱ्या, आणि सगळे एकत्र एकाच घराला धरून उभे.

कॅथेड्रलला तिकीट नाही. १२७० च्या दशकात बांधकाम सुरू झालं आणि मनोऱ्यांची टोकं १८६९ ला पूर्ण झाली, म्हणजे जवळपास सहाशे वर्षं. आत शिरल्यावर डोळे सरावायला दोन मिनिटं द्या कारण आत खूप अंधार आहे आणि मग रंगीत काचा पेटल्यासारख्या दिसायला लागतात, बऱ्याच काचा तेराव्या चौदाव्या शतकातल्या आहेत. आणि तो हसणारा देवदूत शोधा, एका खांबावर देवदूत आणि समोरच्या खांबावर मेरी, तो तिला मूल होणार ही बातमी सांगतोय आणि त्याला स्वतःलाच इतका आनंद झालाय की तोंडभर हसतोय. साधारण १२८० चं काम आहे. आईला तो इतका आवडला की ती दुसऱ्या दिवशी फक्त त्याच्यासाठी परत गेली.

आता नॉयफारप्लात्झ. या चौकाबद्दल जरा जास्त लिहिते कारण ग्रुप टूरवाले इथे थांबतच नाहीत. इथे ज्यू वस्ती होती, युरोपातल्या मोठ्या वस्त्यांपैकी, नावाजलेले विद्वान इथे राहून गेले. ज्यूंना बादशहाचं संरक्षण होतं. जानेवारी १५१९ मध्ये बादशहा मॅक्सिमिलियन वारला आणि गावाने ती संधी साधली, पुढच्याच महिन्यात सगळ्यांना हाकलून दिलं आणि सिनगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, पाडलं, घरं पाडली. स्मशानातले दगड उपटून लोकांनी आपापल्या घरांच्या भिंतींत बसवले, ट्रॉफी म्हणून. असे हिब्रू अक्षरांचे दगड गावातल्या काही भिंतींत आजही आहेत. आल्टडॉर्फर नावाचा मोठा चित्रकार गावच्या कौन्सिलमध्ये होता, पाडायच्या आधी त्यानेच आत जाऊन त्या सिनगॉगची चित्रं करून ठेवली. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

१९९० च्या दशकात चौक खोदताना खाली सिनगॉगचा पाया सापडला. आता त्याच्यावर, त्याच आकारात, पांढऱ्या काँक्रीटचं स्मारक आहे, दानी काराव्हान या इस्रायली शिल्पकाराने २००५ मध्ये केलेलं, फार उंच नाही, बसता येईल एवढंच, खांबांच्या जागा गोल ठेवल्यात. आईने गाइड बाईंना विचारलं, मी चपला काढू का. भावाने इंग्लिशमध्ये सांगितलं तर त्या बाई क्षणभर काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, नको, इथे लोकांनी बसावं, भेटावं, मुलांनी खेळावं असंच करणाऱ्याला हवं होतं. खरंच तिथे दोन पोरं उड्या मारत होती. आईने तरी चपला काढल्याच. २०१९ मध्ये, म्हणजे बरोबर ५०० वर्षांनी, गावात नवं सिनगॉग उघडलं, जुन्या गावातच आहे, १९३८ ला नाझींनी जाळलेलं होतं त्याच जागी. तेही बाहेरून बघून आलो.

भावाच्या आग्रहाने एक थांबा वाढवला, केप्लरचं घर. अकरावीला ज्याचे ग्रहांच्या गतीचे तीन नियम पाठ केले तोच केप्लर. बादशहाकडून बाकी राहिलेला पगार मागायला तो १६३० मध्ये इथे आला, घोड्यावरून, थंडीत, आजारी पडला आणि १५ नोव्हेंबरला इथेच गेला. पुढे तीस वर्षांच्या युद्धात त्याची कबरही नष्ट झाली. ज्याने ग्रहांच्या वाटा आखून दिल्या त्याची थकबाकी शेवटपर्यंत मिळाली नाही.

वॉक संपते दगडी पुलावर. ११३५ ते ११४६, फक्त अकरा वर्षांत बांधला, तीनशे मीटरहून लांब, आणि जवळजवळ आठशे वर्षं गावाचा डॅन्यूबवरचा हा एकच पूल होता. क्रुसेडला, म्हणजे ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धाला, निघालेली सैन्यं यावरून गेली. १९४५ च्या एप्रिलमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच याच्या कमानी उडवल्या. त्याच दिवसांत कॅथेड्रलचे प्रवचनकार योहान मायर यांनी लोकांच्या सभेत बोलून, शहर न लढता सोडून द्या, एवढी विनंती केली म्हणून त्यांना पकडलं आणि २४ एप्रिलला भर चौकात फाशी दिली, आणि तीनच दिवसांनी शहर न लढताच अमेरिकनांच्या ताब्यात गेलं. गाइड बाईंचा आवाज इथे बदलला.

पुलावर मधोमध एक दगडी छोटा माणूस बसलाय, डोळ्यांवर हात धरून कॅथेड्रलकडे बघतोय. गोष्ट अशी की पूल बांधणारा आणि कॅथेड्रल बांधणारा यांची आधी कोण पूर्ण करतो अशी पैज लागली, पूलवाल्याने सैतानाची मदत घेतली, बदल्यात पूल ओलांडणारे पहिले तीन जीव देऊ केले, आणि मग माणसांऐवजी कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा सोडला. सैतान चिडून पुलाला खालून धडका देत सुटला म्हणून पूल मध्ये उंच आहे म्हणे. प्रत्यक्षात कॅथेड्रल पुलाच्या शंभरहून जास्त वर्षांनी सुरू झालं, पण गोष्ट सुंदर आहे, मुलांना आधी सांगून ठेवा.

खाण्याचं. पुलाच्या पायथ्याशी वुर्स्टकुखल, छोट्या सॉसेजेसचं फार जुनं दुकान, कोळशावर भाजतात, सोबत आंबट कोबी आणि गोडसर मोहरीची चटणी. भावाने सहा घेतले, मी दोन चाखले, बाहेरून खरपूस, आत रसदार, आणि ती मोहरी तर मी दोन बाटल्या पुण्याला आणलीये. आत भिंतीवर नदीच्या पुराच्या खुणा आहेत त्या बघा. शाकाहारी लोकांसाठी इथे जवळपास काही नाही. आईसाठी पूल ओलांडून पलीकडे श्टाटआमहोफला गेलो, तिथे चीज स्पेट्झ्ले मिळालं, म्हणजे कणकेचे बारीक तुकडे, चीज, वर तळलेला कांदा, तिने पूर्ण संपवलं, फक्त तिखट नाही म्हणाली.

काही प्रॅक्टिकल गोष्टी. म्युनिकहून ट्रेनने साधारण दीड तास, एका दिवसात होतं, तीन चार जण असाल तर बायर्न तिकीट (बव्हेरिया राज्यातलं दिवसभराचं ट्रेनचं तिकीट) स्वस्त पडतं. स्टेशनपासून जुनं गाव दहा पंधरा मिनिटं चालत. रस्ते बहुतेक दगडी फरशांचे, आईच्या गुडघ्याचा प्रॉब्लेम आहे, शूज घालूनही दोन तासांनी पाय दुखले तिचे, पण गाइड दर स्टॉपला बसायची जागा बघून थांबायच्या. व्हीलचेअर किंवा स्ट्रोलर असेल तर बुक करताना आधी सांगा. रविवारी दुकानं बंद असतात, शॉपिंग हवं असेल तर शनिवारी जा.

मी ५ पैकी ४.५ देईन. अर्धा कमी एवढ्यासाठी की आम्ही वीसच्या वर लोक होतो आणि अरुंद गल्लीत मागच्यांना ऐकू येत नव्हतं, गाइडच्या अगदी जवळ चाला. बजेट असेल तर प्रायव्हेट घ्या. आणि त्या दोन तासांनंतर तोच रस्ता संध्याकाळी एकदा स्वतः चाला, आम्ही चाललो, आठ साडेआठला, उजेड होता अजून, गर्दी गेलेली, आणि आई प्रत्येक भिंतीपाशी थांबून "हा दगड बघ, हा वेगळा आहे" असं आम्हाला दाखवत होती.

रविवारी सकाळी कॅथेड्रलमध्ये मुलांचा कॉयर गातो, ९७५ सालापासूनची परंपरा, लोक त्यांना कॅथेड्रलच्या चिमण्या म्हणतात. आमची परतीची फ्लाइट शनिवारची होती. कोणी ऐकून आलं असेल तर कसं होतं ते नक्की लिहा, आई विचारतेय.