वाढत्या कंपनीचा शेअर निवडायचा एकपानी तक्ता: नऊ महिने वापरल्यावर

तक्ता साधाच आहे. विक्री, येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे बाकी पैसे), व्यवसायातून आलेली रोख आणि एकूण शेअरसंख्या असे चार रकाने, प्रत्येकात पाच वर्षांचे आकडे. ते वार्षिक अहवालातून हाताने भरायचे, एका कंपनीला दीडेक तास जातो. स्क्रीनरवरून (कंपन्यांचे आकडे तयार देणाऱ्या वेबसाइटवरून) उचलले तर दहा मिनिटांत होतं, पण मग ताळेबंदाखालच्या टिपा वाचायच्या राहतात आणि खरी मेख तिथेच असते.

सगळ्यात कामाचा रकाना येण्यांचा. विक्री 400 वरून 500 झाली की सगळे खूश. त्याच वर्षी येणी 80 वरून 140 झाली असतील, तर वसुलीचे दिवस (येणी भागिले विक्री, गुणिले 365) 73 वरून 102 वर गेले. म्हणजे माल गेला, बिल फाटलं, नफाही दिसला. पैसा मात्र अजून गिऱ्हाइकाकडेच. सलग दोन वर्षं असं असेल तर ती कंपनी आम्ही तिथेच सोडतो. उलटं, येणी अचानक घटली तरी टिपा बघायच्या: कधी कधी बिलंच सवलतीत विकून पैसे उचललेले असतात.

शेअरसंख्येचा रकाना लोक सर्रास गाळतात. नफा 25 टक्क्यांनी वाढला आणि शेअर 10 टक्क्यांनी, तर प्रतिशेअर नफा फक्त 13.6 टक्क्यांनी वाढतो.

मोठी उणीव म्हणजे यात भावाला जागाच नाही. पाचवा रकाना जोडावा लागला. 60 च्या पी/ईला (म्हणजे भाव प्रतिशेअर नफ्याच्या 60 पट असताना) शेअर घेतला, नफा दरवर्षी 25 टक्के वाढून पाच वर्षांत तिप्पट झाला, पण तोवर पी/ई 25 वर आला, तर भाव जेमतेम सव्वापट. वर्षाला 5 टक्केसुद्धा नाहीत! कंपनीने काहीच चुकवलेलं नसतं.

बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांना हा तक्ता लावू नये. कर्जवाटप हाच धंदा असल्याने वाढीच्या काळात तिथली रोख बहुधा उणेच दिसते. ज्यांची विक्री शेवटच्या तिमाहीत एकवटते त्यांची वर्षअखेरची येणी फुगलेलीच असणार, तेव्हा मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी ताडून बघा.

तळाशी एक ओळ विकण्याच्या कारणासाठी आहे, ती शेअर घेण्याआधीच भरायची. उदाहरणार्थ, ‘वसुलीचे दिवस सलग दोन सहामाही 100 च्या वर’. नुसतं ‘भाव पडला’ तिथे चालत नाही.